गौरी गोलात उभी राहणार

११ जाने., रविवार
कालची मॅच हरलो. सरावाची होती, पण हरलो ते हरलोच. मुरारच्या शाळेच्या मुलींनी दोन गोल केले, आमच्या शाळेचा एकही नाही. आमच्या गोलात गौरी होती.
चर्चहून परतताना वसंतला सगळं सांगितलं. नवरा म्हणून ऐकून घेतो बिचारा, हॉकीतलं त्याला काही कळत नाही. मॅच संपल्यावर रिद्धी जवळ आली होती. कॅप्टन आहे, तिचं ऐकावं लागतं. "मैम, गौरी गोल में होती है तो हम हारते ही हैं. सब बोल रहे हैं, पनौती है."
मी म्हटलं, जा, पाणी पी.
हसण्यावारी नेलं. न्यायला नको होतं.

१३ जाने.
धुकं. सराव उशिरा सुरू. गोलपोस्टला लिंबू-मिरची बांधलेली. गौरी आली नाही.
कुणी बांधलं, विचारलं. सगळ्या आपापल्या बुटांकडे बघत उभ्या. सोडून कचऱ्यात टाकलं. सांगितलं, माझ्या ग्राउंडवर टोटके चालणार नाहीत.
रिद्धी म्हणाली, उद्धटपणे नाही, खरंच विचारल्यासारखी: "पर मैम, मैच से पहले आपका क्रॉस तो हम सब छूते हैं."
हात आपोआप गळ्याकडे गेला.
माझ्या गळ्यातला चांदीचा क्रॉस. मागच्या सीझनला एकीने सहज हात लावला, आम्ही जिंकलो, तेव्हापासून मॅचआधी रांगच लागते. मला बरंच वाटायचं. वाटायचं, प्रभूचं नाव घेतात ना, घेऊ दे. पण नाव कुठे घेतात? जिंकण्यासाठी हात लावतात, बस. क्रॉस लावला की जिंकतो आणि गौरी आली की हरतो. मग मी कुठल्या तोंडाने रागवू?

१४ जाने., संक्रांत
शाळेला सुटी. तिळाच्या वड्या घेऊन दौलतगंजला गेले, गौरीच्या आत्याकडे. वडील फौजेत, पोस्टिंग आसामला, आई त्यांच्याबरोबर. पोरगी शाळेसाठी इथे आत्यापाशी.
वाटलं होतं, आत्या समजावून सांगायला मदत करतील. त्यांनी मलाच धरलं.
"बाई, पोरीला खेळायला पाठवली होती, नावं ऐकायला नाही. तिथे मोठ्या तुम्ही. तुम्ही काय बघत बसल्या?"
"माझं लक्ष कमी पडलं," म्हटलं. मग त्यांनी चहा टाकला.
गौरी स्वयंपाकघराच्या दारातच उभी. शेवटी आली. म्हणाली, "मैम, मला पण वाटतं की मीच आहे. तुम्हीच सांगा ना. मी असते तेव्हाच का हरतो?"
चौदा वर्षांची पोर. मी म्हटलं, "कारण आपल्या फॉरवर्ड गोल करत नाहीत." जराशी हसली. पण पटलं नाही, दिसत होतं.
येताना रिक्षात सारखी बायबलमधली ती गोष्ट आठवत राहिली, जन्मापासून आंधळ्या माणसाची. शिष्य विचारत होते, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं. प्रभू त्या हिशेबात पडलाच नाही. त्या आंधळ्याच्या डोळ्यांकडे बघितलं.

१६ जाने.
सगळ्या मुलींना गोलाकार बसवलं. दोन गोष्टी सांगितल्या.
एक: क्रॉसला यापुढे कुणी हात लावायचा नाही. तो माझ्या श्रद्धेचा आहे, स्कोअरचा नाही. स्वेटरच्या आत घातला.
दोन: स्पर्धेच्या पहिल्या मॅचला गोलात गौरी.
क्रॉसचं त्यांना जास्त लागलं, असं वाटलं. एक तर रडवेली झाली, "अब क्या करेंगे मैम?" म्हटलं, स्टिक खाली ठेवून पळा, दम वाढवा.
दुपारी प्रिन्सिपॉल सरांनी बोलावलं. पालकांचे फोन आले म्हणे. फार गोड बोलतात. "मॅडम, दूसरी गोलकीपर है ना आपके पास?"
है, म्हटलं.
"उसमें कोई कमी?"
नहीं.
"तो फिर?"
"फिर कुछ नहीं सर. गौरी खेलेगी."
म्हणाले, ठीक आहे, पण रिझल्ट तुमच्या नावावर. पुढच्या सेशनला टीम कुणाकडे द्यायची तेही बघावं लागेल.
घरी येईपर्यंत हेच डोक्यात. महक, ती दुसरी गोलकीपर, खरंच गौरीइतकीच चांगली आहे. गौरीला बाहेर बसवलं तर टीमचं काही बिघडत नाही. बिघडतं ते फक्त गौरीचं. म्हणून कुणाला काही वाटत नाही.
वसंत म्हणाला, "टीम काढून घेतली तर?" म्हटलं, घेऊ दे. मग तो थाटीपुरच्या बाजारात जाऊन मटार घेऊन आला, न सांगता. त्याची हीच पद्धत.

१८ जाने., रविवार
चर्च. पाद्रीसाहेबांचा संदेश हिंदीत, माझी प्रार्थना मराठीत, नेहमीसारखी. जिंकू दे, असं मागायला तोंड उघडेना.
गौरीसाठी प्रार्थना सोपी. ती रडते, लगेच माया येते. रिद्धीचं नाव घेतलं आणि अडकले. मनात राग आहे, लपवून काय उपयोग. मग जरा विचार केला. रिद्धीचे वडील प्रत्येक मॅचला शकुनाचा म्हणून तोच मरून रंगाचा शर्ट घालून येतात. तिचा गोल हुकला की घरी जेवताना कुणी बोलत नाही, तिनेच एकदा सांगितलं होतं. या पोरीला भीती घरातूनच मिळते, डब्याबरोबर.
तिचंही नाव घेतलं. जमेल तसं.

२१ जाने.
गौरी आली. बरोबर आत्या. ग्राउंडच्या कडेला शाल गुंडाळून बसल्या, सराव संपेपर्यंत हलल्या नाहीत. मुलींकडे अशा बघत होत्या की कुणी चूं केलं नाही.
मुद्दाम पेनल्टी स्ट्रोक घेतले. मारणारी रिद्धी, अडवणारी गौरी. रिद्धी जीव खाऊन मारत होती. गौरीने बरेच अडवले. शेवटी रिद्धीच्या तोंडून "अच्छा था" निघून गेलं. लगेच तोंड फिरवलं तिने.

२४ जाने.
हरलो. एका गोलने.
नीट लिहिते. गौरी छान खेळली. समोरच्यांचा मारा नुसता चालू होता, ती पडून, पॅडने, हाताने अडवत होती. गोल झाला तो रिद्धीच्या स्टिकला लागून, आमच्याच गोलात. दिशाच बदलली, गौरी काय करणार. नंतर आम्हाला स्ट्रोक मिळाला. रिद्धीने बाहेर मारला.
तिचे वडील मॅच संपायच्या आधीच उठून गेले.
परतताना बसमध्ये कुजबुज. मला वाटलं, गौरीबद्दल. नाही. "इस बार तो रिद्धी ने ही हरवाया. अब ये पनौती हो गई." काल जिच्यामागे सगळ्या होत्या तिच्याशेजारची सीट रिकामी. इतक्या लवकर.
मी उठणार होते. त्याआधी गौरी उठली. दांडा धरून नुसती उभी राहिली बराच वेळ. तिच्या मनात काय चाललं होतं, देव जाणे. तोंडावर माया वगैरे नव्हती, रागच होता. मग जाऊन रिद्धीशेजारी बसली. शाळा येईपर्यंत रिद्धी खिडकीतून बाहेर बघत होती आणि गौरी समोर.
मी सांगितलं नव्हतं. मला इतकं सुचलंही नसतं.

२५ जाने., रविवार
रिद्धीच्या वडिलांचा फोन. पुढच्या मॅचला गौरी असेल तर रिद्धी खेळणार नाही. मी म्हटलं, रिद्धी काय म्हणते? "वो क्या कहेगी, बच्ची है."
पुढची मॅच हरलो तर स्पर्धेतून बाहेर. रिद्धीशिवाय जिंकणं कठीण, हे त्यांनाही माहीत, मलाही.
वसंत म्हणाला, महकला उभी कर, एका मॅचचा प्रश्न आहे, गौरी समजून घेईल. हो, गौरी समजून घेईलच. तेच तर मला नको आहे.

२६ जाने.
झेंडावंदन झाल्यावर पाटणकर बाजारात रिद्धीच्या घरी. खाली कापडाचं दुकान, वर घर. गौरी मागे लागली, "मी पण येते." नको म्हटलं, आलीच.
वडील वाईट माणूस नाहीत. बसायला दिलं, नाश्ता मागवला. पण गौरीला बघून अवघडले. म्हणाले, "मैडम, आप ईसाई लोग नहीं मानते, ठीक है. हम मानते हैं."
मी म्हटलं, "भाईसाहब, आप जो मानें सो मानें. पर परसों बस में सब लड़कियां आपकी बेटी को पनौती बोल रही थीं."
त्यांना माहीत नव्हतं. तोंड पडलं. रिद्धी पडद्यामागे होती, तिने सांगितलं नव्हतं.
"मी जर गौरीला बसवलं तर पुढच्या वेळी रिद्धीलाही बसवावं लागेल. मला दोघी पाहिजेत." हे मराठीतच निघून गेलं तोंडातून. कळलं असावं, बाजारात मराठी गिऱ्हाईक भरपूर.
नाश्ता तसाच राहिला. गौरीने जाताना पडद्याकडे बघून सांगितलं, "स्ट्रोक की प्रैक्टिस करनी हो तो मैं जल्दी आ जाऊंगी."

२९ जाने.
काल-आज, दोन्ही दिवस रिद्धी सरावाला आली नाही. फोन उचलत नाहीत. मुलींची तोंडं उतरलेली. पण आज एकीने गौरीचे पॅड बांधून दिले. कुणी सांगितलं नव्हतं.
सरांना टीमची नावं दिली. गोलात गौरी. कॅप्टन रिद्धी. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "वो आएगी?"
"नाम तो उसका रहेगा, सर."

३० जाने., सकाळ
आज मॅच. धुकं नाही, ऊन आहे. चहा घेता घेता प्रार्थना झाली, छोटीच. जिंकण्याबद्दल काही म्हटलं नाही. दोघी पोरींना भीतीतून सोडव, एवढंच.
ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, बस सरळ न्यायची नाही. आधी पाटणकर बाजारातून, रिद्धीच्या दुकानासमोर थांबवायची. तो म्हणाला, मॅडम, तिथे बस वळत नाही. म्हटलं, कोपऱ्यावर उभी करा, मी चालत जाते. गौरी येईलच मागे.
निघते.