चौथं अंथरूण

प्रिय जावईबापू डॅनियल,

इस्पितळासमोरच्या खोलीची खरी किंमत म्हणजे पंधरा दिवस मी माझ्या पावाच्या भट्टीचं तोंड पाहिलेलं नाही. ‘माझ्याशिवाय ती पेटत नाही,’ असं मीच गावभर सांगायचो.

ट्रिशाच्या केमोच्या मधल्या दिवसांत माझी लेक सेलेस्तीन तिला इथे आणते. काल तुझ्या पोरीने तीन अंथरुणं मोजली आणि विचारलं, “पप्पाचा हांतरूण खंय आसा?”

गॅरेज सोडून येता येत नाही, असं तू फोनवर म्हणालास. पण तुझ्यामागे पाना वाजत नव्हता रे, लाटा वाजत होत्या. भीती आम्हालाही वाटते; इथे ती वाटून तरी घेता येते. चौथं अंथरूण घातलंय.

हे पाठवणार नाही, तुला ओरडल्यासारखं वाटेल. पण गॅरेजची काळजी सोड. माझी भट्टी रोज पेटते, आणि गिऱ्हाइकं म्हणतात, पाव आता जास्त फुगतात.

तुझी वाट बघणारा सासरा,
बाप्तिस्त