पाण्याचा पट्टा

३० डिसें., जळकोट
येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. सगळा तालुका रानात जेवायला, आणि मी संशोधन केंद्राचा फवारणी पंप घेऊन. रशीदचाचांच्या हरभऱ्यात दोन पट्टे: एकावर घाटेअळी मारणारा विषाणू, दुसऱ्यावर तुलनेसाठी नुसतं पाणी. उन्हात विषाणू टिकत नाही, म्हणून संध्याकाळी. शेजारचे बाबूराव भज्जी-आंबील खाल्ल्याशिवाय सोडेनात. चाचाही पंगतीला. उशीर झाला, मग नुसती घाई.

चाचा म्हणाले, "बेटी, पाण्यानं अळी मरती व्हय?" नाही ना, म्हणून तर. "म्हंजे तिलाबी येळवस." हसले. मीही हसले.

५ जाने.
अळ्या शेंड्यावर चढून, उलट्या लटकून मेल्यात. हात लावला की फुटतात. वास जाईना, दोनदा साबण लावला.
पण पाण्याच्या पट्ट्यातही तसंच! कसं?
बाबूराव बांधावरून बघत होते. "म्याडम, ही दवा आपोआप पसरती का?" म्हटलं, असेल.

६ जाने.
आठवलं. अंधार पडेल म्हणून आधी विषाणू मारला, मग त्याच पंपात, न धुता, पाणी. आधी पाणी, मग विषाणू, हे मीच केंद्रातल्या नव्या पोरींना शिकवते. माती खाल्ली. चाचणी गेली. केंद्रातल्या सरांना कळवलेलं नाही.

८ जाने.
डोळे मिटले की लटकलेल्या अळ्या. दोरीवर कपडे वाळत घालतानाही तेच.
चाचांचा फोन. बाबूरावांनी फवारायला आणलेलं औषध दुकानात परत केलं. "तुमची दवा आपोआप त्याच्या रानात येनार म्हून थांबलाय." चार एकर. माझ्या एका 'असेल'वर. भीती वाटते.

९ जाने.
बाबूरावांकडे जाऊन सगळं सांगितलं. पंप धुतला नव्हता, चूक माझी, आपोआप काही येणार नाही, आजच फवारा. त्यांच्या रानात हरभऱ्याच्या घाट्या-घाट्याला भोक, अळ्या टुणटुणीत.
बाबूरावांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "म्याडम, माज्या रानात जेवलात तुमी. खरं सांगा, वरून कुनी तुमच्यावर दाब आनायलंय का? फुकट मिळाया लागलं की दुकानवाल्याला चालत न्हाई, कळतंय मला. मी थांबतो."
शपथ घेतली. तरी मान हलवतात, वर माझीच कीव करतात.
उद्या चाचांना घेऊन पुन्हा जाणार. ऐकतील का, माहीत नाही. अळ्या तर खातच सुटल्यात.