लोणीच्या तंबूतला लंगडा नायक

७ जानेवारी १९९६, रविवार

जेवताना पुन्हा तोच विषय. सुकन्येनं स्वतःच मुलगा पाहून ठेवलाय. अनिमेष नाव, बँकेत नोकरी. मी म्हणालो, आपल्याकडे मुलगी दाखवतात आणि मुलगा पसंत करतो. मी नाही का तुझ्या आईला पसंत केलं? चहाचा कप न सांडता आणला, तिथंच ठरवलं.

यशोदा ताक वाढत होती. शांतपणे म्हणाली, "तुम्ही कुठलं? मीच तुम्हाला पसंत केलं होतं. वर्षभर आधी. लोणीच्या जत्रेत, भैरवनाथ टॉकीजच्या तंबूत. मगच वडिलांना सांगून तुमच्याकडे निरोप धाडायला लावला."

लग्नाला अडतीस वर्षं होत आली, आणि हे आज ऐकतोय! लोणी भापकर तिचं माहेर, माझी मामीही तिथलीच, मी त्या जत्रेला गेलो होतो हे सगळं खरं. पण तंबूचं नाव भैरवनाथ नव्हतंच. जयलक्ष्मी. ते निळं तिकीट मला अजून आठवतं. तिनं कुणाकडून तरी ऐकलं असणार.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही ती कपाची गोष्ट सांगताना तुमचा चेहरा किती खुलतो! कशाला मोडायचं?"

सुकन्येनं संधी साधली. "बाबा, आईचं खरं निघालं तर अनिमेष घरी येणार. तिच्यासारखंच मीही निवडलंय." मी तावातावानं हो म्हणून बसलो.

८ जानेवारी

यशोदेची उलटतपासणी घेतली. ती धान्य निवडत होती, मी समोर खुर्ची टाकली. सिनेमाची गोष्ट बरोबर सांगितली. पण नायक लंगडा होता तो म्हणे डाव्या पायानं. उजव्या! उजवा पाय ओढत तो रेल्वेचे रूळ ओलांडतो, मला स्वच्छ आठवतंय. आणि म्हणे सुरुवातीला पडद्यावर आलेली नावं तिला वाचताच आली नाहीत. सातवी पास बाई! कुठली परकी भाषा असावी असं वाटलं म्हणाली.

बास. ही तंबूत गेलेलीच नाही. फार दिवसांनी दुपारी मस्त झोप लागली.

९ जानेवारी

सुकन्या म्हणते, नुसतं बाबांना आठवतं हा पुरावा होत नाही. मुलीला एवढं शिकवायला नको होतं.

१२ जानेवारी

लुना काढून जळोचीहून बारामतीत. त्या तंबूचं पुढं काय झालं ते विचारत फिरलो. एका थेटराची चौकशी करावी तर लोक तीन नावं सांगतात. आधी मालकाच्या आईचं नाव, मग विकत घेणाऱ्याच्या मुलीचं, मग कुणीतरी रंगरंगोटी करून ठेवलेलं इंग्रजी. शेवटी तिथं दुकानांचे गाळे उठले, तरी रिक्षावाला अजून आईच्याच नावानं सोडतो! पानाच्या गादीवर दोन म्हातारे यावरून इतके भांडले की मलाच मध्ये पडून दोघांना बाकड्यावर बसवावं लागलं. ते काम मला बरं जमतं.

त्यातलाच एक नंतर म्हणाला, जयलक्ष्मीवाल्यानं तंबू गुंडाळून इंदापुरात पक्कं थेटर बांधलं. जीव भांड्यात पडला. जयलक्ष्मी होतं!

येताना त्या जत्रेची फार आठवण आली. तंबूबाहेर ऑइल इंजिन धडधडत होतं. कारखान्यात नुकताच लागलो होतो, इंजिन दिसलं की पाय निघायचा नाही. निम्मा सिनेमा मी इंजिनवाल्याशी गप्पा मारण्यात घालवला. तरी उजवा पाय तो उजवाच.

१८ जानेवारी

इंदापूर. एसटी वेळेवर, हेच नवल.

थेटर सापडलं. आधी वसंत चित्रमंदिर, मग अलंकार, मग घरोघरी व्हिडिओ आले आणि बंद. आता तिथं खताचं गोदाम आहे. आत गेलो तर जमीन तशीच उतरती. हमालानं ठेवलेलं पोतं आपोआप पुढं सरकतं आणि तो त्याला शिव्या देत पुन्हा मागं ओढतो. समोरची पांढरी भिंत अजून आहे. तिच्याकडे बघत उगाचच पाच मिनिटं पोत्यावर बसलो. चांगलं वाटलं.

मालक गेले. त्यांची बायको छबूबाई गोदामामागंच राहते. ऐंशीच्या घरातली, पण आवाज असा की गल्लीत ऐकू जावा. तंबूच्या काळात बायकांची तिकिटं तीच फाडायची. मी भैरवनाथ की जयलक्ष्मी विचारलं, तर हसायलाच लागली.

"दोनी एकच की! जत्रा ज्या देवाची, त्याचं नाव तंबूवर. लोणीत भैरवनाथ, दुसरीकडं दुसरं. आमचं मालक म्हनायचं, देवाचं नाव आसलं की लोकं भांडणं कमी करत्यात. तिकिटं मातुर एकदाच छापल्याली, त्याच्यावर जयलक्ष्मी."

म्हणजे एक डाव यशोदेचा. मी हुकमाचं पान काढलं. त्या सिनेमातला नायक कुठल्या पायानं लंगडा होता?

"तुमी कुठनं बघितला?"

"कुठनं म्हणजे? तंबूतनं."

"तसं न्हवं. म्होरनं का मागनं? गर्दी झाली की बायास्नी पडद्याच्या पल्याड बसवायचो आमी. फडकंच त्ये, तिकडनंबी दिसतंय. नुसतं उलटं दिसतंय. उजवा पाय डावा हुतोय. आन सुरवातीची नावं तर कुनालाच वाचाय यायची न्हाईत. म्हनून बायांचं तिकीट निम्मं. लोणीत तर दर सालाला बाया पल्याडच."

पडद्याच्या पलीकडे मी उभ्या आयुष्यात गेलो नाही. आणि यशोदेची एवढी उलटतपासणी घेतली, पण तू कुठं बसली होतीस हे विचारलंच नाही! डावा पाय आणि न वाचता आलेली नावं, मी ज्यावरून तिला खोटं पाडलं तीच तिची साक्ष निघाली. पलीकडे बसल्याशिवाय असं दिसणंच शक्य नाही.

परतीच्या एसटीत निमगाव केतकीपर्यंत खिडकीतून बघत स्वतःशीच हसत होतो. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला.

१९ जानेवारी

हार कबूल केली. मायलेकींनी जेवायला शिरा केला, म्हणजे निकाल आधीच ठाऊक होता. अनिमेष रविवारी येणार.

मग मी विचारलं, पण पलीकडून तुला मी दिसलो कसा? यशोदा लाजली. या वयात! तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

मध्येच रीळ तुटलं. पडदा नुसताच पांढरा झाला, पोरं ओरडायला लागली, रेटारेटी झाली. तेवढ्यात एक माणूस उजेडात उभा राहिला. त्याची सावली अख्ख्या पडद्यावर. दोन्ही हात पसरून ओरडत होता, "खाली बसा, खाली बसा, पोरं चेंगरतील!" सगळे बसले. सगळ्यात शेवटी तो बसला. यशोदेशेजारी माझी मामी होती. ती अभिमानानं म्हणाली, "ह्यो आमचा रघुनाथ. वालचंदनगरला कारखान्यात लागलाय."

"तेव्हाच ठरवलं," यशोदा म्हणाली. "एवढ्या माणसांना जो सांभाळून बसवतो, तो मलाही सांभाळील."

मला भरून आलं. लपवत नाही. लग्नाचा मांडव असो, एसटीची रांग असो, की क्वार्टर्समधली गणपतीची बैठक, गोंधळ झाला की यशोदा मला कोपरानं ढोसते. "अहो उठा, सांगा ना सगळ्यांना." मी उठतो, सांगतो, लोक बसतात. पहिल्यांदा ढोसलं ते आमच्याच लग्नाच्या पंगतीत. तेव्हा तिनं तीनदा ढोसल्यावर उठलो होतो. आता वालचंदनगरपासून जळोचीपर्यंत माझी तीच ओळख आहे.

२१ जानेवारी, रविवार

अनिमेष आला. सरळ मुलगा आहे. खाऊन झाल्यावर स्वतःची बशी मोरीत नेऊन ठेवली, यशोदा तिथंच विरघळली. बोलणी चालू असताना वीज गेली. सगळे धडपडायला लागले. मी उठून म्हणालो, बसा, बसा, कुणी हलू नका. सगळे बसले. अंधारात यशोदा सुकन्येला म्हणाली, "बघ. अगदी असाच."

लग्न वैशाखात.

२२ जानेवारी

सकाळी लुनाचा प्लग साफ करत होतो. हाताला तेलाचा वास आला आणि सगळं लख्ख आठवलं. रीळ तुटलं तेव्हा मी तंबूत नव्हतोच. बाहेर इंजिनापाशी होतो. इंजिनवाला आत धावला, जाताना तेलाचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाला, एवढा धरून ठेव. मी धरून उभा. आतून कुणीतरी 'खाली बसा, खाली बसा' ओरडत होतं, आणि मी मनात म्हटलं होतं, कोण हा आगाऊ!

यशोदेला सांगणार नाही. ती गोष्ट सांगताना तिचा चेहरा किती खुलतो.