सरळ रेघेचा शोध

३ फेब्रुवारी, सकाळी
संकल्प: या खेपेला सगळं स्वतःच्या हातानं. वीस तारखेला समिती येतेय. लॅबमधला बडा फ्रिज माझ्याकडेच ठेवायचा की खालच्या मजल्यावरच्या बाईंना द्यायचा, ते ठरणार. बाईंचे वर्षात चार पेपर. असोत. माझ्याकडे स्फटिक आहे. कणीएवढा.

४ फेब्रुवारी
फ्रिज सांभाळणारे काका म्हणाले, द्या, मी बसवतो, तुमचा हात थरथरतो. थरथरत नाही, उत्साही आहे. स्फटिकावरचा स्क्रू मीच आवळला.

७ फेब्रुवारी
शून्याखाली २७३ डिग्री. याहून थंड व्हायला जागाच नाही. बायकोला समजावलं: रेअर-अर्थ अणू म्हणजे चिमुकले चुंबक, त्रिकोणात बसलेले. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचंय. दोघांचं जमतं, तिसऱ्याची पंचाईत. तरी पुरेशी थंडी पडली की सगळे शिस्तीत येतात, चुंबकत्वाच्या आलेखावर शिखर दिसतं. ती म्हणाली, आम्हा तिघी जावांचंच हे, फक्त आम्ही थंडीतही शिस्तीत येत नाही.

९ फेब्रुवारी
शिखर नाही! रेघ सरळ. इस्त्री केल्यासारखी. माझे अणू थंडीला भीक घालत नाहीत! भाषणाची तयारी सुरू.

१२ फेब्रुवारी
काका विचारतात, साहेब, शिखर नसो, पण गार होताना रेघ जरा तरी चढायला नको का? माणसं वाचायला लागली की असं होतं. बाईही जिन्यात म्हणाल्या, फारच सरळ आहे हो. मत्सर.

१५ फेब्रुवारी
पेपर अकरा पानांचा झाला. 'अपूर्व' हा शब्द सात वेळा. कमी वाटतो.

२० फेब्रुवारी, दुपारी
समितीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि म्हणाले, स्फटिक बघू. फ्रिज उघडला. स्क्रू होता. घट्ट होता. त्याच्याखाली काहीच नव्हतं. स्फटिक माझ्याच चिमट्याच्या टोकाला, ग्रीसमध्ये चिकटलेला, हत्यारांच्या डबीत निघाला.
म्हणजे गेले दोन आठवडे मी पितळी स्क्रूवर संशोधन केलं. त्याच्यापुरते माझे निष्कर्ष बिनचूक आहेत. समितीला तसं सांगितलं. कुणी हसलं नाही. चांगलं लक्षण.

२१ फेब्रुवारी
फ्रिज बाईंकडे गेला. तात्पुरता असणार. स्फटिकही मागितला. दिला. मन मोठं हवं.

११ सप्टेंबर
काकांनी बसवलेल्या त्याच स्फटिकात बाईंना शिखर मिळालं. टोकदार. पेपर छापून आला. शेवटच्या ओळीत माझे आभार: स्फटिक पुरवल्याबद्दल. घरी मोठ्यानं वाचून दाखवलं.
बायको म्हणाली, चला, कुणाला तरी शिखरावर पोचवलंस.