हिरव्या रंगाखालची लाल मोटार

बाबा गा,

नाही म्हणजे नाही! मले बैलच पाहिजे होता. तेव्हाही हेच म्हणत होतो अन् आताही हेच म्हणतो. तान्ह्या पोळ्याले साऱ्या गल्लीतल्या पोट्ट्यांजवळ चाकावरचा लाकडी बैल. शिंगाले बेगड, गळ्यात घुंगरू, पाठीवर झूल. अन् सुताराच्या पोराजवळ काय? मोटार! कारखान्यात दुसऱ्याच्या लेकरांसाठी महिनाभर बैल घडवणारा तू, अन् घरी येऊन मले म्हणे, "आपल्या घरी बैल नाही." काहून नाही, ते कधी सांगितलं नाही. हा कुठचा न्याय होता गा?

तू जाऊन आठ महिने झाले अन् मी अजून भांडूनच राहिलो. पण आज भांडायले कारण आहे. काल आपल्या शीलाचं, तुझ्या लेकीचं, पत्र आलं. आईनं सांगितलं अन् तिनं लिहिलं. शीलाचा मिलिंद पाच वर्षांचा झाला. पुढच्या महिन्यात पोळा, अन् पोट्ट्यानं आतापासूनच अंगणात लोळण घेतली आहे, बैल पाहिजे म्हणून. आई म्हणते, "बंडू, तुहा बाप असता तर त्यानं ठरवलं असतं. आता तू सांग. बैल आणू का नको?"

पाहा गा बाबा! न्याय मी करायचा म्हणते. चौथी नापास माणूस.

पत्राचा एवढा भाग वाचला अन् मी मनात ठरवूनच टाकलं होतं. बाजारातला सगळ्यात मोठा बैल घ्या, पितळेची शिंगं लावा, पैसे मी पाठवतो. अठरा वर्षांची उधारी फेडून घेतो बाबाजवळून. पण पत्र तिथं संपत नव्हतं. अजून दोन पानं होती. ती वाचली अन् तुले लिहायले बसलो.

थांब, आधी इथलं सांगतो. मी थकलो गा. अंगमेहनतीनं थकलो असतो तर झोपून उठल्यावर बरं वाटलं असतं. तू रंधा मारून यायचा, दोन भाकरी खायचा अन् ताजा व्हायचा. माझे डोळे थकले. मस्कतले येऊन तीन वर्षं झाली अन् मी या व्हिडिओच्या दुकानात बसूनच आहो. एका मशीनमध्ये मूळ कॅसेट टाकायची अन् बाजूच्या चार मशीनवर तिच्या नकला उतरवायच्या. कॅसेट संपेपर्यंत सामोर बसून पाहत राहायचं, पडद्यावर रेघा तर येऊन नाही राहिल्या. संपली का पुन्हा पहिल्यापासून. ज्या बंडूचा पाय घरात ठरत नव्हता, उमरेडची एसटी दिसली का नुसताच चढून जात होता, त्याले असा खिळा ठोकून बसवला आहे.

अन् पाहतो काय? मोटारी! तू म्हणशील, बरी अद्दल घडली.

ह्या मोटारी आधी खेळण्याच्या दुकानात आल्या होत्या, आगपेटीएवढ्या, लोखंडाच्या. मंग कोणाच्या तरी डोक्यात आलं अन् त्याईचं कार्टून काढलं. सारी शर्यतच शर्यत. एक लाल मोटार, एक काळी खोडसाळ, एक पिवळी जाडी जी दर वेळेस मागं राहते. डोंगरावरून उड्या, तुटक्या पुलावरून उड्या, अन् शेवटी लाल मोटार पुढं. पोट्टे कार्टून पाहून सामोरच्या दुकानात मोटारी घ्यायले जातात, अन् मोटारी घेऊन पुन्हा आमच्याकडं कार्टून मागायले येतात. दीड वर्ष झालं, हेच चालू आहे. मले प्रत्येक वळण पाठ आहे. लाल मोटार जिंकली तरी आता काही वाटत नाही. तिलेही वाटत नसल.

पण आपल्या घरचं कार्टून तर तूच काढलं होतं, आठवते का? माझ्या दुसरीच्या वहीच्या कोपऱ्यावर, तुझ्या चपट्या सुतारी पेन्सिलीनं. पानोपानी तीच मोटार, दर पानावर गव्हाच्या दाण्याएवढी पुढं सरकलेली. अंगठ्यानं पानं सोडली का मोटार पळायची! मी तर खुळाच झालो होतो. मंग मी साऱ्या वह्या तशाच भरल्या, अन् गणिताच्या वहीत मोटारीले जागा पुरली नाही म्हणून गणितं गाळली. गुरुजीनं वही उलटवली अन् आधी स्वतःच चार वेळा मोटार पळवून पाहिली. मारलं त्याच्यानंतर. तू शाळेत आला, हात जोडून म्हणे, "चूक माझी आहे गुरुजी, सुरुवात म्या केली." 

आता ते सांगतो जे कधी सांगितलं नाही.

सातव्या वर्षीची ती लाल मोटार. तू सागाच्या तुकड्याची केली होती. चाकं तुझ्या कारखान्यातल्या किसनकाकानं खरादावर गोल उतरवून दिली, रंग तू दिला, अन् मी सात वर्षांचा म्हणून दारावर सात नंबर काढला. खोटं कशाले बोलू, सुंदर होती. घरात मी तिले खाली ठेवत नव्हतो. पण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सारे पोट्टे आपापले बैल घेऊन तोरणाखाली रांगेत उभे राहिले अन् मलेही राहवलं नाही. मी मोटारीले दोरी बांधली अन् रांगेच्या टोकाले जाऊन उभा झालो.

"अबे, याच्या बैलाले डोकंच नाही!"

"शेपटीही नाही बे! माशा कशा हाकलते?"

"काय बे बंड्या, याले कडबा घालतं का पेट्रोल?"

मीही हसलो गा आधी. मंग घरोघरी बोजारा मागायले निघालो. त्या कोपऱ्यावरच्या घरच्या काकूनं एकेका बैलाची पूजा केली अन् एकेका पोट्ट्याच्या हातावर पाच-पाच पैसे ठेवले. माझ्याजवळ आली अन् थांबली. वाईट नव्हती ती. खरंच तिले समजलं नाही. "बोजारा बैलाचा असतो रे बाळा. मोटारीले काय ओवाळू?" असं म्हणे, अन् सारे पुन्हा हसले.

मी तिथून पळालो अन् मोटार विहिरीत टाकली.

तुले येऊन सांगितलं, चोरीले गेली. कोण्या तरी मोठ्या पोट्ट्यानं हिसकली. रडलो तर खरंच, म्हणून तुले खोटं वाटलं नसल, असं मी इतके वर्षं समजत होतो. दोन दिवस तू कामावरून आल्यावर गल्लोगल्ली फिरला. "माझ्या पोराची लाल मोटार पाहिली का गा?" लोकं म्हणत, "सुतार आहे ना गा तू, दुसरी कर!" मी ओट्यावर बसून ऐकत होतो. एकदाही उठून म्हटलं नाही, का बाबा, नको शोधू. तिसऱ्या दिवशी तू शोधणं सोडलं. मले वाटलं, थकला.

पुढच्या वर्षी तू मले हिरवी मोटार दिली, आठ नंबरची. मी आठ वर्षांचा झालो होतो ना. ती मी घरातच खेळलो. गल्लीत कधी नेली नाही, अन् तूही ने म्हटलं नाही.

आता शीलाच्या पत्रातली उरलेली दोन पानं. मिलिंदनं रुसव्यात तुझ्या पेटीतला खिळा घेतला अन् त्या हिरव्या मोटारीवर रेघा ओढल्या. हिरवा रंग निघाला, खालून लाल निघाला. त्यानं अजून खरवडलं. आठ नंबर गेला अन् खाली सात नंबर!

लाकूड बुडत नाही गा बाबा! दगड बुडतो, हंडा बुडतो, लाकूड वर येऊन तरंगते. सुताराचा पोरगा मी, मले एवढंही समजलं नाही!

आई लिहिते, "विहिरीवर मलेच दिसली होती ती. तिसऱ्या दिवशी सकाळी बादलीले लागली. मी तुहे कान उपटणारच होती. तुह्या बापानं माहा हात धरला. म्हणे, राहू दे वं. एकट्याले लाज वाटली त्याले. अन् मोटार वर्षभर माळ्यावर सुकत ठेवली."

म्हणजे तुले माहीत होतं! अठरा वर्षं माहीत होतं. माझ्या लग्नाच्या गोष्टी काढल्या तेव्हा माहीत होतं, मी मस्कतले निघालो तेव्हा बसस्टँडवर माझी पेटी धरून उभा होता तेव्हाही माहीत होतं. एकदा तरी बोलायचं! "बंड्या, भैताडा, मोटार कुठं टाकली होती?" एवढं म्हटलं असतं तर मी पायावर डोकं ठेवलं असतं. आता कोणाच्या पायावर ठेवू?

अन् बैल काहून नाही, तेही आईनं आत्ता लिहिलं. मिलिंदले काय सांगावं हे तिले समजत नव्हतं म्हणून लिहिलं, नाही तर तीही बोलली नसती. आजा गावची मेलेली ढोरं ओढत होता. गळ्याले दोरी लावून, गावाबाहेर नेऊन. तू लहान असताना त्याच्यासंगं दुसरं टोक धरत होता. धम्माची दीक्षा घेतली अन् ते काम सोडलं, गावही सोडलं, नागपूरले येऊन रंधा धरला. मालकाचे बैल तू मजुरीसाठी केले. पण मी बैल मागितला त्या दिवशी तू आईले म्हटलं होतं, "माझ्या बापानं ढोरं ओढली. माझं पोरगं लाकडाचंही ढोर ओढणार नाही. ओढायचंच तर मोटार ओढंल."

हे मले सांगायले काय झालं होतं गा? सातव्या वर्षी नसतं समजलं. सतराव्या वर्षी समजलं असतं ना!

तुझ्या आजारपणात मी ते कार्टून उतरवून पाठवलं होतं, सुट्टीवर निघालेल्या मौद्याच्या एका माणसाच्या हातानं. घरून बोलावणं आलं होतं, पण इथल्या मालकाजवळ पासपोर्ट होता अन् दुकानात दुसरा माणूस नव्हता. मी नाही येऊ शकलो, माझी कॅसेट आली. शीलानं टीव्ही अन् व्हिडिओ भाड्यानं आणला, सारी गल्ली आपल्या अंगणात. तेव्हा तिनं लिहिलं होतं, "बाबा म्हणे, या मोटारीच्या चाकाले आस कुठं आहे? पहिल्याच वळणावर चाकं निखळली पाहिजे. सारे हसले. पण दादा, शर्यत बाबानं पाहिलीच नाही. नुसती सुरुवात तीनदा लावायले सांगितली. साऱ्या मोटारी एका रांगेत उभ्या राहतात ना, तेवढंच."

मले तेव्हा वाटलं, औषधानं गुंगी आली असल, म्हाताऱ्याले समजलं नसल. मी मनातून थोडा नाराजही झालो. इतकी मेहनत करून पाठवली अन् यानं जिंकणंही पाहिलं नाही! पंधरा दिवसांनी तार आली.

आज सकाळपासून मी ती सुरुवात लावून बसलो आहो. लाल, काळी, पिवळी, निळी, साऱ्या एका रेघेवर. कोणी कोणाले हसून नाही राहिलं. जशी तोरणाखालची रांग गा बाबा. फक्त रांगेत कोणी एकटं नाही.

तर ऐक. मिलिंदले बैल नाही. आपल्या घरी बैल नाही. आईले आज तसं लिहिलं, अन् काहून नाही तेही लिहिलं. त्याले आता समजणार नाही, पण शीला ते पत्र सांभाळून ठेवील अन् समजायच्या वयात वाचून दाखवील.

पण तुझी चूक मी करणार नाही. तू एकच मोटार केली होती, बाबा. मिलिंदले एकट्याले मोटार देऊन रांगेच्या टोकाले उभा करणार नाही मी. किसनकाकाले लिहिलं, गल्लीत जेवढे पोट्टे आहेत तेवढ्या मोटारी करा. सागाच्या, साऱ्यांच्या दारावर ज्याच्या त्याच्या वयाचा नंबर. चाकाले आस पक्की पाहिजे, नाही तर वर बसलेला माझा बाप नाव ठेवील. ज्याले बैल घेऊन यायचं त्यानं बैल घेऊन यावं, आपण कोणाले हसणार नाही. रेघ मात्र आपल्या अंगणात ओढायची, अन् बोजारा आईनं साऱ्यांच्या हातावर ठेवायचा, बैलवाल्यांच्याही.

अन् ती हिरवी-लाल मोटार कोणी पुन्हा रंगवायची नाही. मी येईन तेव्हा तिले दोरी बांधीन अन् दिवसाउजेडी साऱ्या गल्लीतून ओढत नेईन. मोठा बाप्या माणूस, हसले तर हसले. विहिरीपाशी थांबीन अन् तुले मोठ्यानं सांगीन, बाबा, चोरीले नव्हती गेली. हा शब्द आहे माझा.

लाकूड, रंग, खराद, पोट्ट्यांचा बोजारा, साऱ्याचे मिळून आईच्या नावानं ड्राफ्ट टाकून राहिलो. सहाशे रुपये.

तुझा,
सात नंबरवाला बंडू