साहेबांची जर्मन प्रार्थना

साहेब, तुम्हाला जाऊन कैक वर्षं झाली. आज इथे आखातात, अल नस्र भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारची पानं वाढलेली होती आणि कुणी अन्नाला हात लावत नव्हतं, तेव्हा तुम्ही आठवलात. प्लांटच्या कँटीनमध्ये आम्ही जेवणावर तुटून पडायचो आणि तुम्ही डोळे मिटून जर्मनमध्ये पुटपुटायचात. चार ओळी, शेवटी यमक. शाळेतल्या कवितांवर वाढलेला मी, घास हातात धरून ऐकत बसायचो. एकदा अर्थ विचारला. "कुणाला ठाऊक! आजी म्हणायची. त्याआधी ताटाला हात लावला की तिचा लाकडी चमचा बोटांवर बसायचा." मग तुमचं टेक्सासमधलं गाव सांगितलंत. जर्मन शेतकऱ्यांनी माळावरचे दगड वेचून शेतं केली, त्याच दगडांची घरं बांधली, चर्च बांधलं. पुढे युद्धाच्या दिवसांत शाळेत जर्मन बोलायची चोरी झाली, म्हणून आजीने मुलांना भाषा शिकवलीच नाही. आता जत्रेत बँड वाजतो, सॉसेज भाजतात, पण पणजोबांच्या थडग्यावरचा मजकूर गावात कुणाला वाचता येत नाही. मी तोऱ्यात म्हणालो होतो, "आमच्या घरात असं व्हायचं नाही." तुम्ही नुसते हसलात.

माझी नात उद्या कॅनडाला शिकायला निघाली आहे. पानावर बसून तिने श्लोक म्हटला, माझ्या बायकोने, म्हणजे तिच्या आजीने, शिकवलेला. धडाधडा, एका दमात. मी म्हटलं, "अर्थ सांग."

"आजोबा, प्लीज. नॉट टुडे."

"सांगितल्याशिवाय मी जेवणार नाही."

मुलगा वैतागला. "बाबा, खलास, पुरे करा ना आता! उद्या चाललीय ती."

"म्हणूनच विचारतोय."

तिचे डोळे भरून आले. "आय डोंट नो द मीनिंग. आजी सेड इट, सो आय से इट. तिकडेपण म्हणणार. इव्हन अलोन."

वरण गार होत चाललं होतं. मी डोळे मिटले, आणि तोंडातून आलं ते मराठी नव्हतं, साहेब. तुमच्या चार ओळी होत्या, अडखळत, उच्चार कसेबसे. डोळे उघडले तर नात टक लावून बघतेय.

"व्हॉट वॉज दॅट?"

"श्लोक. आमच्या साहेबांच्या आजीचा."

"मीनिंग?"

मी खांदे उडवले. ती डोळे पुसत हसली, तुपाची वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "घ्या. जेवा आता."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पण एक सांगतो. जेवण झाल्यावर ती फोनवर तुमच्या ओळींचा अर्थ शोधायला लागली, तर मीच म्हटलं, राहू दे.