आतली शिलाई

प्रिय बाबा,

नमस्कार. फोनवर तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून ठेवून देता, म्हणून लिहितेय. मी नीट पोचले, वेळेवर जेवते.

परराज्यातल्या विद्यापीठात जायचं तर आधी तिथलं वातावरण बघून ये, म्हणालात. बघितलं. पहिल्या दिवशी एका सीनियर मुलीने सगळ्यांना फिरवलं. चकाचक लायब्ररी, हिरवंगार मैदान, हसरी पोरं. मला नुसत्या इस्त्रीवर खूश होणारी आपल्या दुकानातली गिऱ्हाइकं आठवली. तुम्ही मात्र सदरा आधी उलटा करून आतली शिलाई बघता. म्हणून मी रविवारपर्यंत थांबले. रागावू नका.

शनिवारी इथली मुलं आपापल्या घरी गेली आणि हॉस्टेल ओस पडलं. मेसमध्ये मी एकटीच भिंतीकडे तोंड करून बसले. खोटं कशाला बोलू, अर्धं ताट तसंच ठेवून उठले.

रविवारी दुपारी मात्र बाहेरच्या राज्यांतली सात-आठ जणं टेबलं जोडत होती. दर रविवारी अशीच एकत्र जेवतात म्हणे. माझं नावगाव कुणी विचारलं नाही. एकजण म्हणाली, “ए, ते टोक धर गं जरा.” मी धरलं आणि तिथेच जेवायला बसले. बाबा, शिलाई पक्की आहे.

निघताना तुमच्यासाठी वीस सुया ओवून ठेवल्या होत्या. डोळे ठणठणीत आहेत म्हणता, मग खरं सांगा, किती उरल्यात? संपल्या असल्या तरी सांगा. प्रवेशाचा फॉर्म मी अजून भरलेला नाही.

तुमचीच,
गुंडी